प्रकाशाला वस्तुमान नाही, मग डबा जड कसा होतो?

अंबाबाईचा किरणोत्सव आला की कोल्हापुरात दोन गोष्टी ठरलेल्या. महाद्वारातून येणारी मावळतीची किरणं आज कुठवर पोचली, चरणांपर्यंत, कमरेपर्यंत की मुखापर्यंत, याची चर्चा. आणि मोबाइलवर ‘त्या किरणांतल्या दैवी ऊर्जे’चे मेसेज. परवाच्या एका मेसेजात तर आइनस्टाइनलाही कामाला लावलं होतं. ऊर्जा म्हणजेच वस्तुमान, म्हणून किरणांनाही वस्तुमान असतं आणि ते मूर्तीवर ‘उतरतं’!

खरं तर किरणोत्सवाचं कौतुक करायला असला मसाला लागत नाही. २१-२२ डिसेंबरच्या साधारण सहा आठवडे आधी आणि तितकेच दिवस नंतर सूर्य क्षितिजावर एकाच जागी मावळतो, म्हणून हा सोहळा नोव्हेंबरात आणि पुन्हा जानेवारीअखेरीस होतो. ही दिशा साधून मंदिर उभारणाऱ्यांचं भूमितीचं ज्ञान थक्क करणारं आहे.

आता वस्तुमानाकडे. राजारामपुरीतल्या क्लासला जाणारी अकरावीची पोरंही हाच युक्तिवाद करतात: ई = एमसी² (ई म्हणजे ऊर्जा, एम वस्तुमान, सी प्रकाशाचा वेग), प्रकाशाला ऊर्जा आहे, मग वस्तुमान असणारच. घोटाळा असा, की हे सूत्र स्थिर वस्तूपुरतं आहे. पूर्ण सूत्रात संवेगही येतो: ई² = (पीसी)² + (एमसी²)². यात पी म्हणजे संवेग (मोमेंटम), हलणाऱ्या गोष्टीच्या अंगी असलेला धक्क्याचा जोर. प्रकाशाचा कण, फोटॉन, कधी थांबतच नाही. त्याची सगळी ऊर्जा संवेगाच्या पदात असते आणि वस्तुमानाच्या पदात शून्य.

संवेग आहे म्हणजे धक्का आहे. १९०१ मध्ये रशियाच्या प्योत्र लेबेदेव यांनी प्रकाशाचा दाब मोजल्याचं प्रसिद्ध केलं. मे महिन्याच्या भर दुपारी फुटबॉलच्या अख्ख्या मैदानावर, म्हणजे सुमारे सात हजार चौरस मीटरवर पडणारं ऊन पूर्ण शोषलं गेलं असं धरा. त्याचा एकूण दाब अडीच ग्रॅम वजनाइतकासुद्धा भरत नाही. तरी जपानच्या ‘इकारोस’ यानानं २०१० मध्ये एवढ्याशा दाबावर अवकाशात शीड चालवून दाखवलं.

पण माझी आवडती गोष्ट पुढे आहे. आतून सगळीकडे आरसे लावलेला, प्रकाश जराही न शोषणारा एक डबा घ्या. त्यात प्रकाश कोंडा आणि डबा तराजूवर ठेवा. वजन वाढेल? वाढतं.

कसं ते पाहू. एकच फोटॉन तळ आणि छत यांच्यात वरखाली आपटतोय असं समजा. गुरुत्वाकर्षणाचा परिणाम प्रकाशावरही होतो. खाली येताना फोटॉनची ऊर्जा किंचित वाढते, वर जाताना तेवढीच घटते. हार्वर्डमध्ये पाउंड आणि रेब्का यांनी १९६० च्या सुमारास साडेबावीस मीटर उंचीच्या मनोऱ्यात गॅमा किरणांवर हाच फरक मोजला. म्हणजे तळावर बसणारा धक्का छतावरच्या धक्क्यापेक्षा जरासा मोठा. उंची एच आणि गुरुत्वाकर्षणाचं त्वरण जी असेल, तर एका फेरीत हा फरक येतो २ईजीएच/सी³. एका फेरीला वेळ लागतो २एच/सी. भागाकार करा: उंची उडून जाते आणि उरतं ईजी/सी². म्हणजे तराजूला डबा ई/सी² इतक्या वस्तुमानानं जड झालेला दिसतो! गणित डोक्यावरून गेलं तरी हरकत नाही, एवढंच धरून ठेवा: ते वस्तुमान त्या फोटॉनचं नाही, कोंडलेल्या प्रकाशासकट सबंध डब्याचं आहे. तुमच्या-आमच्या शरीरातल्या प्रोटॉनचंही तेच. त्याच्या वस्तुमानाचा फारच थोडा वाटा क्वार्कच्या, म्हणजे प्रोटॉन ज्यांचा बनतो त्या कणांच्या, स्वतःच्या वस्तुमानातून येतो, बाकी सगळी आत कोंडलेली ऊर्जा.

डबा उघडला की प्रकाश जातो आणि डबा हलका होतो. सूर्याचंही तसंच चाललंय. प्रकाश देता देता तो सेकंदाला चाळीस लाख टनांहून जास्त वस्तुमान गमावतो. पृथ्वीवर पडणाऱ्या उन्हाचा हिशेब त्याच सूत्रानं केला तर सेकंदाला जेमतेम दोन किलो भरतात, आणि तेही इथे साठत नाहीत: जवळजवळ तेवढीच ऊर्जा परावर्तित प्रकाश आणि अवरक्त किरणांच्या रूपानं पृथ्वी परत अवकाशात सोडून देते.