फोडाफोडी म्हणजे उठाव नव्हे

गोव्यात आमदारांच्या गटाने पक्ष बदलला की दिवसभर एकच शब्द ऐकू येतो: ‘बंड’. कुठल्या देशात रणगाडे रस्त्यावर आले तरी शब्द तोच. मग माझा भाचा विचारतो, “मामा, दक्षिण कोरियात, सोलमध्ये लोक मध्यरात्री संसदेपुढे जाऊन उभे राहिले. पर्वरीला, आपल्या विधानसभेपुढे, कोण गेलं?” प्रश्न तळमळीने विचारलेला असतो, पण मुळात तुलनाच चुकीची आहे. ती इतक्या वेळा ऐकली आहे की एकदा लिहूनच टाकतो.

फोडाफोडी आपल्याला पाठ आहे. संविधानाच्या 1985च्या दहाव्या परिशिष्टाने पक्षांतराला आळा घातला, मात्र विधिमंडळ पक्षाचे दोन-तृतीयांश सदस्य गेले तर ‘विलीनीकरण’ म्हणून सवलत ठेवली. काँग्रेसच्या 15पैकी 10 जण जुलै 2019मध्ये भाजपमध्ये गेले. सप्टेंबर 2022मध्ये 11पैकी 8 गेले. दोन्ही आकडे बरोबर किमान गरजेइतके. निवडणुकीआधी मंदिर, चर्च आणि दर्ग्यात घेतलेल्या शपथांना कायद्यात जागा नव्हती, आकड्याला होती.

उठाव म्हणजे बळाने सत्ता बळकावणं, त्याचं गणित याच्या उलट आहे. तिथे आकडा नसतोच, असता तर उठाव कशाला केला असता? उठाव करणाऱ्याकडे राजधानीतल्या थोड्या तुकड्या आणि एक निवेदन असतं. बाकी सगळं उसनं. लाखो कारकून, पोलीस, न्यायाधीश, बँकेतले रोखपाल यांनी सकाळी कामावर येऊन नव्या साहेबाचे हुकूम पाळायचे असतात. ते पाळतील की नाही हे पहिल्या काही तासांत ठरतं, आणि त्या तासांत प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बघत असतो. सगळे वाकले असं वाटलं की तोही वाकतो. कोणीतरी ठाम उभा राहिलेला दिसला की त्याचा हात थांबतो. म्हणूनच उठाव घाईने करतात, लोकांना एकमेकांकडे बघायला वेळच मिळू नये म्हणून. पण याच घाईत आणि गुप्ततेत कोणाची मनं आधी वळवून घेता येत नाहीत. निवेदन वाचून झालं की उठाव करणारा एकटा असतो.

मार्च 1920मध्ये बर्लिनमध्ये वोल्फगांग काप या उजव्या गटाच्या नेत्याने फौजेच्या बळावर सरकार हाकललं. मंत्रालयांतल्या अधिकाऱ्यांनी काम करायला नकार दिला, मध्यवर्ती बँकेने पैसे दिले नाहीत, कामगारांच्या सार्वत्रिक संपाने शहर ठप्प झालं. पाचव्या दिवशी काप पळाला. त्याच्याकडे बंदुका शिल्लक होत्या, ऐकणारं कोणी शिल्लक नव्हतं.

पेरू या देशातली दोन उदाहरणांची जोडी तर मला फार बोलकी वाटते. 1992मध्ये अध्यक्ष फुजिमोरींनी संसद बरखास्त केली, लष्कर बरोबर होतं, ते टिकले. 7 डिसेंबर 2022ला तेव्हाचे अध्यक्ष कास्तियो यांनी तशीच घोषणा केली. मंत्र्यांनी राजीनामे दिले, लष्कर आणि पोलिसांनी पाठिंबा नाकारला, संसदेने 101 मतांनी त्यांना काढलं, आणि त्याच दिवशी त्यांना अटक झाली. पाऊल तेच, देश तोच.

आता सोल. मला सगळ्यात खटकतं ते ‘लोकांनी उठाव हाणून पाडला’ हे अर्धं वाक्य. 3 डिसेंबर 2024च्या रात्री तेव्हाचे अध्यक्ष यून यांनी मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, जाहीर केला. कोरियाच्या संविधानात तरतूद आहे की संसदेने बहुमताने मागणी केली तर तो उठवावाच लागतो. म्हणजे 300पैकी किमान 151 सदस्य सभागृहात पोचायला हवे होते. काही जण कुंपणावरून चढून आत गेले. बाहेर लोकांनी सैनिकांची वाट अडवली, आत कर्मचाऱ्यांनी फर्निचर रचून दारं रोखली, सैनिकांनीही जीव तोडून बळ वापरलं नाही. रात्री एकनंतर 190 विरुद्ध 0 असा ठराव झाला आणि पहाटे यून यांना माघार घ्यावी लागली. लोकांनी वेळ मिळवून दिला, संस्थेने तो वापरला. ठराव झाला नसता तर गर्दी थकली असती. गर्दी नसती तर सभासद आत पोचले असते का?

आणि विरोधाला उभी राहणारी संस्थाच नसेल तर काय होतं, हे गोव्याने पाहिलं आहे. 1835मध्ये बेर्नार्दु पेरिश द सिल्वा प्रीफेक्ट झाले. गोव्याच्या कारभाराच्या शिखरावर बसलेले ते पहिले गोमंतकीय. 17 दिवसांत लष्कराने त्यांना खाली खेचलं. दाद मागायची तर लिस्बन समुद्रापार, महिनोन् महिने दूर. ‘बंड’ हा शब्द तिथे शोभतो.

तर भाच्याला माझं उत्तर असं: पर्वरीत त्या दिवशी कोणाला हुकूम मोडायला सांगणार होतास? सभापतींनी 2019चं विलीनीकरण ग्राह्य धरलं, फेब्रुवारी 2022मध्ये उच्च न्यायालयानेही ते मान्य केलं. जिथे संस्थेचंच दार वापरलं जातं, तिथे एका रात्रीत अडवण्यासारखं काही नसतं. तिथे परिशिष्टातली ती सवलतच बदलावी लागते, किंवा मतपेटीपर्यंत राग जपून ठेवावा लागतो. केपे मतदारसंघात तो जपला गेला. 2019च्या दहा जणांचं नेतृत्व करणारे, उपमुख्यमंत्री झालेले चंद्रकांत कवळेकर 2022मध्ये तिथे हरले. त्यांच्याजागी निवडून आलेले एल्टन डिकॉस्ता सप्टेंबरमध्ये आठ जण गेले तेव्हा मागे राहिलेल्या तिघांत होते.