कपाळावरील मोठ्या जखमांची पुनर्रचना : पार्श्वभूमी

प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासात कपाळ वारंवार भेटते, पण ते देणारे म्हणून. सुश्रुतसंहितेत नाकासाठी गालाची कातडी सांगितली आहे; कपाळाची कातडी वापरण्याची रीत पुढे भारतात रूढ झाली आणि ऑक्टोबर १७९४ च्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मधील एका पत्रामुळे युरोपात तिची चर्चा झाली. टिपूच्या कैदेत नाक आणि एक हात गमावलेल्या कावसजी या गाडीवानाचे नाक पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याच्याच कपाळाच्या कातडीतून घडवले होते. कीर्ती नाकाची झाली. कपाळावर उरलेल्या जखमेची विचारपूस फारशी कोणी केली नाही. अशी जखम लहान असेल, तर ती आजही आपोआप भरू दिली जाते.

मोठी जखम मात्र आक्रसत भरते आणि भुवई वर ओढून नेते. शिवाय कपाळावर कातडीखाली मऊ ऊतींचा थर पातळ असून लगेच हाड लागते. हाडावरचे आवरण शाबूत असेल तरच रोपलेली कातडी धरते, उघड्या हाडावर ती सुकते. म्हणून हाडाला बारीक भोके पाडून आतल्या रक्ताळ थरातून मांसांकुर (जखम भरणारी नवी, लालसर ऊती) वर येऊ देण्याची युक्ती सतराव्या शतकापासून वापरात होती. तिला फार धीर लागे. १८७० च्या दशकात ओलिए आणि थिअर्श यांनी पातळ कातडीचे मोठे तुकडे रोपण्याची पद्धत रुळवली, तरी कपाळावर ते ठिगळासारखेच दिसत.

खरा बदल विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. १९६७ मध्ये ऑर्टिकोचिया यांनी डोक्याच्या त्वचेचे मोठे फ्लॅप, म्हणजे एका बाजूने जोडलेले आणि रक्तपुरवठा शाबूत असलेले कातडीचे तुकडे, फिरवून बसवण्याची रीत मांडली. १९७२ मध्ये मॅक्लीन आणि बंकी यांनी पोटातील वपाजाल (आतड्यांवर पसरलेला चरबीयुक्त पडदा) रक्तवाहिन्या जोडून डोक्यावरील मोठ्या जखमेवर बसवल्याचे प्रसिद्ध केले. आवरण गेलेल्या हाडाला रक्तपुरवठा असलेले झाकण दुरूनही आणता येते, हे त्यामुळे दिसले. पुढे कातडीखाली पिशवी ठेवून, ती आठवड्यागणिक फुगवून, शेजारची कातडी वाढवण्याचा मार्गही मिळाला.

नागपुरात या शाखेचा पाया शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे लोकांच्या ‘मेडिकल’मध्ये, डॉ. सी. बाळकृष्णन यांनी घातला. दुभंगलेल्या ओठ-टाळूचे त्यांचे वर्गीकरण शहराच्याच नावाने ओळखले जाते. विदर्भाच्या जंगलपट्ट्यातील अस्वल अनेकदा माणसाच्या चेहऱ्यावर आणि डोक्यावरच झडप घालते. अशा जखमेपुढे शल्यचिकित्सक आजही आधी हेच पाहतो, की हाडावरचे आवरण उरले आहे का.