ब्लूज की गॉस्पेल? उत्तर कोण देतंय ते ऐका

मे 1964, मँचेस्टर. बंद पडलेलं रेल्वे स्टेशन. एका फलाटावर प्रेक्षक, समोरच्या फलाटावर गायक, मधे रूळ. पाऊस झालेला. सिस्टर रोझेटा थार्प लांब कोटावर इलेक्ट्रिक गिटार अडकवते आणि नोहाच्या काळातल्या पावसाचं भक्तिगीत सुरू करते. त्याच कार्यक्रमात मडी वॉटर्सही गायला. ती गॉस्पेलची, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या चर्चमधल्या भक्तिसंगीताची. तो ब्लूजचा, म्हणजे त्यांच्याच सुखदुःखाच्या गाण्यांचा. नवख्या कानाला मात्र दोन्ही एकच वाटतं, कारण तोच दबलेला, घसरत येणारा सूर दोन्हीकडे आहे.

फरक कळतो तो गाण्याला उत्तर कोण देतं त्यावरून. ब्लूजमध्ये माणूस एकटा असतो. बायको निघून गेली, खिसा रिकामा आहे. तो एक ओळ म्हणतो, तीच पुन्हा म्हणतो, तिसऱ्या ओळीत गोष्ट पुरी करतो. बहुतेकदा 12 बारांत, म्हणजे तालाच्या 12 आवर्तनांत. ओळ संपली की उत्तर देते त्याचीच गिटार. गॉस्पेलमध्ये उत्तर देते अख्खी मंडळी, टाळ्या वाजवत. शेवटी एकच शब्द पुन्हा पुन्हा चढवत नेतात, अंगावर काटा येईपर्यंत.

गॉस्पेल जुनं आणि ब्लूज त्यातून निघालं, असं पुष्कळांना वाटतं. पण तसं नाही. अमेरिकेतल्या गुलामगिरीच्या काळातली भक्तिगीतं म्हणजे स्पिरिच्युअल्स, ती वेगळी. आज आपण ज्याला गॉस्पेल म्हणतो ते 1930 च्या आसपास शिकागोत घडलं, आणि ते घडवणारा टॉमस डॉर्सी आधी ब्लूज गायिका मा रेनीसोबत पियानो वाजवायचा! 1932 मध्ये बाळंतपणात बायको गेली, पाठोपाठ बाळही. त्या दुःखातून त्याने देवाला हात धरायला सांगणारं गाणं लिहिलं.

रॉक अँड रोलने दोन्हीकडून घेतलं. लिटल रिचर्डच्या 1955 च्या 'टुटी फ्रुटी'चा सांगाडा 12 बारांचा ब्लूज, पण ती आरोळी चर्चमधली. 1947 मध्ये अमेरिकेतल्या मेकन शहरात त्याला पहिल्यांदा मोठ्या रंगमंचावर गायला लावलं ते रोझेटानेच. म्हणूनच रॉक अँड रोलची गोष्ट एल्व्हिस प्रेस्ली या गोऱ्या गायकापासून सुरू केलेली मला सहन होत नाही. त्याची 1954 ची पहिली रेकॉर्डसुद्धा आर्थर क्रुडप या कृष्णवर्णीय ब्लूज गायकाच्या गाण्याची.

रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम या अमेरिकेतल्या मानाच्या यादीत एल्व्हिस 1986 सालच्या पहिल्याच तुकडीत गेला. रोझेटा 1973 मध्ये वारली. तिचं नाव तिथे लागायला 2018 साल उजाडलं.