पाळक (पुण्यातील मराठी मंडळी)

प्रॉटेस्टंट ख्रिस्ती मंडळीची, म्हणजे एका चर्चच्या सभासदांची, आध्यात्मिक देखभाल करणाऱ्या दीक्षित सेवकाला मराठीत पाळक म्हणतात. शब्दामागे मेंढपाळाची प्रतिमा आहे. योहानाच्या शुभवर्तमानात येशू स्वतःला उत्तम मेंढपाळ म्हणवतो, तर इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात पाळक आणि शिक्षक ही नावे जोडीने येतात. बोलताना मात्र नुसते ‘पाळक’ कोणी म्हणत नाही. ‘पाळकसाहेब’ म्हणतात, आणि त्यांच्या पत्नीला ‘पाळकीणबाई’. अलीकडच्या स्वतंत्र मंडळ्यांत ‘पास्टर’ रूढ आहे. फरक केवळ शब्दाचा नाही: पाळकसाहेब नेमून येतात, पास्टर बहुधा भाड्याच्या हॉलमध्ये स्वतः मंडळी उभी करतो. रोमन कॅथलिक ‘फादर’ अविवाहित असतात आणि त्यांची परंपरा वेगळी आहे. ही नोंद मुख्यतः पाळकसाहेबांविषयी आहे.

पुण्यात या पदाचा इतिहास सांगताना चहा टाळता येत नाही. 1890 साली गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये न्या. रानडे, लोकमान्य टिळक आणि शहरातली इतर मान्यवर मंडळी एका कार्यक्रमाला गेली. पाद्र्यांनी चहा ठेवला. कोणी प्यायला, कोणी नुसता कप पुढे ओढला. गोपाळराव जोशी यांनी बातमी फोडली, ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचा वाद, झाले आणि प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली. ज्याच्या घरचा चहा घेणे हा दोष ठरत होता, त्या पाळकाचे आजचे मुख्य कामच लोकांच्या घरी चहा पिण्याचे आहे. त्याला घरभेट म्हणतात. संध्याकाळी चार घरे केली की चार कप होतात. नाही म्हटले तर ‘साहेबांनी आमच्याकडे चहासुद्धा घेतला नाही’ हे पुढच्या रविवारपर्यंत सर्वांना कळलेले असते.

घरभेट वरवर साधी दिसते. वचनाचा, म्हणजे बायबलचा, एखादा उतारा, प्रार्थना, थोड्या गप्पा. पण निघताना चप्पल घालत असताना घरातली बाई हळूच म्हणते, ‘साहेब, जरा मुलासाठी प्रार्थनेत आठवण ठेवा,’ आणि खरी भेट तिथे सुरू होते. आजारी माणसाकडे जाताना पाळकाच्या पिशवीत प्रभुभोजनाची (येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण करणाऱ्या विधीची) छोटी पेटी असते: अंगठ्याएवढे पेले, द्राक्षरसाची बाटली, भाकरीचे तुकडे. अनुभवी पाळक उपदेशापेक्षा या भेटींवर ओळखला जातो, असे मंडळीतले जुने लोक मानतात आणि त्यात तथ्य आहे. पूर्वी ही भेट वस्तीत, चाळीत किंवा रेल्वे क्वार्टर्समध्ये व्हायची, दार उघडेच असायचे. आता खराडी-वाकडच्या सोसायटीत गेटवरचा रखवालदार मोबाइलवर परवानगी मागतो; डिलिव्हरी, कॅब, गेस्ट यांतून पाळकाला ‘गेस्ट’ व्हावे लागते. नवराबायको दोघेही कामावर असतात, त्यामुळे भेट आधी व्हॉट्सअ‍ॅपवर ठरते. ठरवून झालेल्या भेटीत घर आवरलेले असते आणि दुःखही. ही अडचण पाळक एकमेकांत बोलतात, अहवालात मात्र ती कुठेच येत नाही.

या सेवेच्या मुळाशी पाचारण, म्हणजे देवाने सेवेसाठी केलेले बोलावणे, मानले जाते. बाल शमुवेलाने रात्री हाक ऐकून ‘बोल, तुझा दास ऐकत आहे’ म्हटले, तो प्रसंग त्यासाठी वारंवार सांगितला जातो. पण नुसती हाक पुरत नाही. मंडळीची शिफारस, मुलाखती, सेमिनरीचे (पाळक घडवणाऱ्या धर्मविद्यालयाचे) शिक्षण आणि मग दीक्षाविधी असा क्रम असतो. नोकरी मिळेना म्हणून पाचारण झाले, हा टोमणा जुना आहे. पाचारण आणि पगार यांचे नाते तितकेच जुने दुखणे. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभारण्याचा प्रयत्न केला. त्यांची भजने आजही रविवारी गायली जातात. पगार सोडण्याचे अनुकरण फारसे झाले नाही, आणि मुलांच्या फिया भरणाऱ्या पाळकाकडून ते अपेक्षिणेही योग्य नाही.

पुणे हे सेमिनऱ्यांचे शहर आहे. यवतमाळला 1953 मध्ये सुरू झालेली युनियन बिब्लिकल सेमिनरी 1983 मध्ये बिबवेवाडीला आली. श्रीलंकेतल्या कँडी येथे 1893 मध्ये स्थापन झालेली कॅथलिकांची पेपल सेमिनरी 1955 मध्ये नगर रस्त्यावर आली. देशभरातले विद्यार्थी इथे शिकतात. पण ईश्वरविज्ञानाची पदवी बहुतांशी इंग्रजीतून होते, आणि शिकून आलेल्या तरुणासमोर असते गावाकडून आलेली आजी. कृपा, तारण, पश्चात्ताप हे शब्द त्याला तिच्याकडून नव्याने शिकावे लागतात. उलट आजीची नात उपासनेत इंग्रजी गाणी मागते. उपदेश कोणत्या भाषेत करायचा, हा पुण्यातल्या पाळकापुढचा रोजचा प्रश्न आहे.

कायद्याच्या दृष्टीनेही पाळकाला स्थान आहे. 1872 च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याने लग्न लावताना सूचना, साक्षीदार आणि नोंदवहीवरच्या सह्या लागतात. साधारणपणे सकाळी सहा ते संध्याकाळी सात या वेळेतच लग्न लागते. वधूवरांपैकी एक ख्रिस्ती असला तरी हा कायदा चालतो, मंडळीचा नियम मात्र बहुधा त्याहून कडक असतो. आयटी कंपनीत भेटलेली आंतरधर्मीय जोडपी पाळकगृहात येतात तेव्हा दोन्हींच्या मध्ये पाळक उभा असतो, आणि दोन्हीकडचे आईवडील त्याच्याच नावाने बोटे मोडतात.

2020 च्या टाळेबंदीत ईस्टरची उपासना मोबाइलवर झाली. स्क्रीनवर उपदेश करता आला. दफनाच्या वेळी मोजकीच माणसे जमू देत, तेव्हा कुटुंबाच्या वतीने मूठभर माती टाकण्याचे कामही कधी पाळकावर आले. ऑनलाइन प्रक्षेपण पुढेही काही ठिकाणी टिकले.

29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रॉटेस्टंट चर्चसंघात स्त्रियांनाही दीक्षा मिळते. ‘पाळकीणबाई’ हा शब्द मात्र अजून पाळकाच्या पत्नीलाच चिकटलेला आहे. स्वतः दीक्षित असलेल्या बाईंना काय म्हणावे यावर भाषा अडखळते, बहुतेक जण ‘मॅडम’वर भागवतात.

नेमलेल्या पाळकाची बदली होते. गेल्यावर जुन्या मंडळीतले लग्न किंवा दफन लावायचे तर नव्या पाळकाचे बोलावणे असावे, असा संकेत आहे. घरात कोणी प्रभूत निजले, म्हणजे वारले, की रात्री पहिला फोन मात्र पुष्कळदा जुन्या साहेबांनाच जातो.