कीलॉगर कसा शोधावा

कीबोर्डवर दाबलेली प्रत्येक कळ वापरणाऱ्याच्या नकळत टिपून ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरला किंवा उपकरणाला कीलॉगर म्हणतात. मॉस्कोतील अमेरिकी दूतावासातल्या आणि लेनिनग्राडमधील वाणिज्य दूतावासातल्या १६ आयबीएम सिलेक्ट्रिक टाइपरायटरांमध्ये लपवलेली अशी सोव्हिएत यंत्रणा १९८४ साली क्ष-किरण तपासणीत सापडली होती. वैयक्तिक संगणकावरचा शोधही आधी डोळ्यांनी आणि मग सॉफ्टवेअरने घ्यावा, कारण उपकरण असेल तर कोणतेही स्कॅन त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

टेबलावरच्या संगणकात कीबोर्डची वायर हाताने धरून पोर्टपर्यंत तपासावी. मध्ये जोडलेला पेन ड्राइव्हच्या टोकाएवढा तुकडा, अनोळखी हब किंवा अडॅप्टर दिसला तर थांबावे. यातली बरीचशी उपकरणे विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे जोडलेल्या उपकरणांच्या यादीत, दिसतच नाहीत. ती कीबोर्डच्या आतही बसवता येतात. तसा संशय असेल तर कीबोर्ड बदलणेच सोपे.

अक्षरे उशिरा उमटणे, माउस अडखळणे ही लक्षणे नेहमी सांगितली जातात, पण त्यांवर विसंबू नये. चांगला लिहिलेला कीलॉगर संगणकाला जाणवेल एवढा भार टाकत नाही, आणि संगणक मंदावण्याची कारणे बहुधा वेगळीच असतात.

विंडोजमध्ये असे प्रोग्राम बहुधा तीन वाटांनी कळा मिळवतात: प्रणालीत हुक लावून (म्हणजे कळेचा संदेश वाटेतच पकडून), कळांची स्थिती सतत विचारत राहून, किंवा ड्रायव्हर (उपकरण चालवणारा प्रोग्राम) होऊन. वाट कोणतीही असो, संगणक पुन्हा चालू केल्यावर टिकायचे तर कुठेतरी नाव नोंदवावेच लागते. म्हणून शोधाचा खरा भर तिथे हवा. संगणकासोबत आपोआप सुरू होणारे प्रोग्राम दाखवणारे मायक्रोसॉफ्टचे ऑटोरन्स हे मोफत साधन ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवावे, डिजिटल सही तपासण्याचा आणि मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवण्याचा पर्याय निवडावा, आणि उरलेली यादी टास्क शेड्यूलरच्या (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या) कामांसकट ओळीओळीने वाचावी. ॲपडेटा किंवा टेंप फोल्डरमधून चालणारी, सही नसलेली नोंद आधी पाहावी. एसव्हीसीहोस्ट (विंडोजच्या सेवा चालवणारा प्रोग्राम) हे नाव धारण केलेली फाइल विंडोजच्या सिस्टम-३२ किंवा सिसवॉव-६४ फोल्डरबाहेरून चालत असेल तर ती संशयास्पद समजावी. विंडोजच्या स्वतःच्या डिफेंडर या अँटीव्हायरसमधली, तपासणीतून वगळलेल्या फोल्डरांची यादीही उघडावी. पाळत ठेवणारी विकाऊ सॉफ्टवेअरे बसवताना तिथे स्वतःचे फोल्डर टाकून घेतले जाते. मग डिफेंडरचे ऑफलाइन स्कॅन, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीची तपासणी, करावे.

ड्रायव्हरच्या रूपातला कीलॉगर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात, कीबोर्ड वर्गाच्या अपरफिल्टर्स या नोंदीत सापडू शकतो. तिथे केबीडीक्लास हे विंडोजच्या स्वतःच्या कीबोर्ड ड्रायव्हरचे नाव असतेच. जास्तीचे नाव टचपॅडच्या वा कळा बदलणाऱ्या एखाद्या चांगल्या प्रोग्रामचेही असू शकते. ड्रायव्हरची फाइल उडवून नाव तसेच ठेवले, किंवा चुकून केबीडीक्लासच पुसले, तर कीबोर्ड बंद पडतो.

सही असली म्हणजे धोका नाही, असेही नव्हे. २०१७ मध्ये काही एचपी लॅपटॉपांतला कोनेक्झंट कंपनीचा ऑडिओ ड्रायव्हर दाबलेल्या कळा सर्वांना वाचता येणाऱ्या फाइलीत लिहीत असल्याचे उघड झाले. तो त्या कुठेही पाठवत नव्हता, त्यामुळे नेटवर्कवर नजर ठेवूनही तो सापडला नसता. अशा वेळी प्रोसेस मॉनिटर (कोणता प्रोग्राम कोणत्या फाइलीला हात लावतो ते दाखवणारे मायक्रोसॉफ्टचे साधन) चालू ठेवून नोटपॅडमध्ये पाच मिनिटे टाइप करावे आणि दुसरा कोणता प्रोग्राम त्याच वेळी फाइलीत लिहितो ते पाहावे. मजकूर मेमरीत साठवून उशिरा लिहिणारा कीलॉगर मात्र यातून निसटू शकतो.

मॅकओएसमध्ये कॅटालिना (२०१९) पासून इनपुट मॉनिटरिंगची, म्हणजे इतर ॲपमधल्या कळा वाचण्याची, परवानगी वेगळी द्यावी लागते. ती यादी आणि ॲक्सेसिबिलिटीची यादी तपासावी. लिनक्सवर पडद्यावरच्या खिडक्या सांभाळणारी एक्स-११ ही जुनी यंत्रणा असेल तर त्या सत्रातला कोणताही प्रोग्राम इतर खिडक्यांतल्या कळा वाचू शकतो. वेलँड या तिच्या जागी आलेल्या यंत्रणेत ही मोकळीक नाही. ब्राउझरचे एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम) पानावर टाइप केलेले थेट वाचू शकते, म्हणून तीही यादी सगळीकडे पाहावी.

कीलॉगर सापडला की त्याच संगणकावर पासवर्ड बदलू नयेत, कारण नवे पासवर्डही टिपले जातील. ते दुसऱ्या, खात्रीच्या उपकरणावरून बदलावेत. तो घरातल्या किंवा ओळखीच्या माणसाने बसवला असेल आणि त्याच्यापासून धोका वाटत असेल, तर काढण्याआधी विचार करावा: नोंदी येणे थांबले की त्याला कळते. पुरावा हवा असल्यास उपकरणाचे किंवा पडद्याचे फोटो दुसऱ्या फोनने काढावेत. विंडोज नव्याने टाकायचे तर इन्स्टॉलेशनची पेन ड्राइव्ह दुसऱ्या संगणकावर बनवावी आणि ब्राउझरचे सिंक चालू करण्याआधी खात्यातली एक्स्टेंशन साफ करावीत, नाहीतर संशयित एक्स्टेंशन सिंकबरोबर परत येते.