सिमेंटची चव: बैरुतच्या टॉवरखाली राहणारे सीरियन

सकाळी जमिनीतल्या एका भोकातून माणसं एकामागोमाग बाहेर येतात. डोक्यावर हेल्मेट घालतात, उघड्या लिफ्टने टॉवरच्या टोकाला जातात आणि दिवसभर सळया बांधतात, फळ्या ठोकतात, काँक्रीट ओततात. समोर भूमध्य समुद्र, खाली लेबनॉनची राजधानी बैरुत, सगळीच्या सगळी. संध्याकाळी तीच माणसं त्याच भोकातून तळघरात उतरतात. तिथे पाणी साचलेलं, उघड्या वायरी लोंबणाऱ्या आणि अंथरुणं पसरलेली. शहर त्यांना फक्त वरून दिसतं. त्यात फिरायची मुभा नाही, कारण संध्याकाळी ७ नंतर सीरियन मजुरांना बाहेर पडायला बंदी आहे.

झियाद कल्थूम या दिग्दर्शकाच्या २०१७ सालच्या ‘टेस्ट ऑफ सिमेंट’ या माहितीपटातला हा दिनक्रम. ८५ मिनिटांत एकही मुलाखत नाही, एकाही मजुराचं नाव नाही. मिक्सरचा घरघराट, करवतीचा आवाज आणि अधूनमधून एका मुलाचं निवेदन. त्याचा बाप बैरुतला बांधकामावर जायचा, घरी आला की त्याच्या हातांना सिमेंटचा वास यायचा आणि तीच चव जेवणाला लागायची. बापाने तिकडून समुद्राचं एक भलंमोठं चित्र आणलं आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावलं. मुलाने पहिला समुद्र पाहिला तो असा.

स्वित्झर्लंडमधल्या न्योनच्या महोत्सवात या चित्रपटाला मुख्य पुरस्कार मिळाला आणि तेव्हापासून तो ‘सीरियन निर्वासितांवरचा माहितीपट’ म्हणून ओळखला जातो. ते चूक नाही, पण अर्धंच आहे. तो बाप निर्वासित नव्हता, मजूर होता. मुलगाही मजूरच आहे, फक्त मधल्या काळात त्याचं परतीचं घर पडलं. चित्रपट नीट कळायचा तर सीरियातला संघर्ष पेटला त्या २०११ च्या बरंच मागे जावं लागतं.

सीरियाची राजधानी दमास्कस ते बैरुत अंतर जेमतेम ११० किलोमीटर. १९५०-६० च्या दशकांत बैरुत हे अरब जगाचं बँकांचं शहर झालं, इमारती वाढल्या आणि सीरियातला शेतकरी हंगाम संपला की तिकडे कामाला जाऊ लागला. ओळखपत्र दाखवलं की सीमा ओलांडता येत असे. १९७५ मध्ये लेबनॉनमध्ये यादवी पेटली, पुढच्याच वर्षी सीरियाचं सैन्य आत आलं आणि युद्ध १९९० मध्ये थांबल्यावरही ते राहिलंच. मग पुनर्बांधणी सुरू झाली. पंतप्रधान रफिक हरीरी यांच्या पुढाकाराने १९९४ मध्ये सोलिदेर नावाची कंपनी स्थापन झाली आणि तिने शहराचा उद्ध्वस्त मध्यभाग नव्याने उभारायला घेतला. भांडवल आखाताचं आणि परदेशस्थ लेबनीजांचं. घमेलं मात्र सीरियन मजुराच्या डोक्यावर. असे मजूर किती होते याचे अंदाज काही लाखांचे आहेत. नेमकी नोंद ठेवण्याची गरज कुणालाच वाटली नाही, आणि मालकांच्या ते सोयीचंच होतं.

लेबनीज माणसाला सीरियन भेटायचा तो दोनच रूपांत: चौकीवरचा सैनिक, नाहीतर परांचीवरचा मजूर. १४ फेब्रुवारी २००५ ला हरीरींची बॉम्बस्फोटात हत्या झाली. संशयाची सुई दमास्कसकडे वळली आणि एप्रिल अखेर सीरियाचं सैन्य परत गेलं. पण सैनिकावरचा राग निघाला मजुरावर. ठिकठिकाणी हल्ले झाले, मजुरांच्या राहुट्या जाळल्या गेल्या, कित्येक जण रातोरात गावी पळाले. नंतर बरेचसे परतले, कारण काम इकडेच होतं.

मार्च २०११ मध्ये सीरियातल्या दरा शहरात भिंतीवर सरकारविरोधी घोषणा लिहिल्यावरून पोरांना पकडून मारहाण झाली आणि निदर्शनं पेटली. निदर्शनांचं पुढे युद्ध झालं. बांधकामावरचे मजूर आता गावी पैसे पाठवण्याऐवजी बायकापोरांनाच इकडे बोलावू लागले. लेबनॉनच्या बेका खोऱ्यात शेतमजुरांच्या जुन्या राहुट्या होत्याच, त्यांच्या शेजारी नव्या उभ्या राहिल्या. तिथे शावीश नावाचा माणूस असतो. तो मजूर पुरवतो, जमीनमालकाशी बोलतो, उचल देतो, मजुरीतून आपला वाटा कापतो. ऊसतोडीचा मुकादम पाहिलेल्या वाचकाला आणखी समजावायला नको. (मुकादम हा शब्दही मूळचा अरबीच.) युद्ध सुरू झाल्यावर हाच शावीश छावणीचा कारभारी झाला आणि मदतसंस्थांनाही त्याच्यामार्फतच जावं लागू लागलं.

एप्रिल २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेकडची लेबनॉनमधली नोंद १० लाखांवर गेली. देशाचं क्षेत्रफळ १०,४५२ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याहूनही कमी, आणि स्वतःची लोकसंख्या ४५ लाखांच्या आसपास. भीती वाटणं समजण्यासारखं होतं, शिवाय तिला जुनं कारण होतं. १९४८ मध्ये पॅलेस्टिनी ‘थोड्या दिवसांसाठी’ आले ते अजून छावण्यांत आहेत. ख्रिश्चन, सुन्नी, शिया अशा पंथांच्या तोलावर उभ्या असलेल्या या देशात तो तोल बिघडेल या धास्तीने १९३२ नंतर जनगणनाच झालेली नाही. म्हणून सीरियनांसाठी सरकारने अधिकृत छावण्या उभारूच दिल्या नाहीत. १९५१ च्या निर्वासित करारावर लेबनॉनची सही नाही (भारताचीही नाही), आणि सरकारी भाषेत या लोकांना ‘लाजिईन’ म्हणजे निर्वासित म्हणणंही टाळलं गेलं. शब्द वापरला ‘नाझिहीन’, विस्थापित.

जानेवारी २०१५ पासून नियम आवळले गेले आणि चित्रपटातल्या तळघराचा उलगडा होतो तो इथे. राहण्याचा परवाना हवा तर दोन वाटा. एक, निर्वासित म्हणून नोंद असेल तर ‘मी काम करणार नाही’ असं लिहून द्यायचं. दोन, लेबनीज जामीनदार, म्हणजे कफील, शोधायचा. १५ वर्षांवरच्या प्रत्येकाला वर्षाला २०० डॉलर फी. काम करायला परवानगी शेती, बांधकाम आणि साफसफाई एवढ्या तीनच क्षेत्रांत. म्हणजे माणूस कागदावर निर्वासित असेल तर त्याने राबायचं नाही, आणि राबायचं असेल तर मालकाच्या मर्जीवर जगायचं. काम न करण्याच्या हमीपत्राची अट पुढच्या वर्षी सैल झाली, पण तोवर लाखो लोकांचे परवाने संपले होते. परवाना नसलेला माणूस चौकी टाळतो, रस्ता टाळतो, पगार बुडवला तरी तक्रार करत नाही. असा मजूर ठेकेदाराला आयताच मिळाला.

संचारबंदीचा आदेश मात्र कुठल्या केंद्रीय कायद्यातून आलेला नाही. तो गावोगावच्या नगरपालिकांनी काढला. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संघटनेने अशा किमान ४५ नगरपालिकांची नोंद केली होती. चौकात कापडी फलक: परदेशी मजुरांना संध्याकाळनंतर फिरण्यास मनाई. लिहिलेलं ‘परदेशी’, पण रोख कुणावर आहे हे वाचणाऱ्याला कळत होतं.

मजुराने स्वतः बांधत असलेल्या इमारतीतच राहणं आपल्याला नवं नाही. पुण्या-मुंबईच्या कुठल्याही साइटवर ते दिसतं. पण आपल्याकडचा मजूर संध्याकाळी कोपऱ्यावर चहाला तरी जातो.

दिग्दर्शकाची स्वतःची वाटही या गोष्टीत आहे. कल्थूम मूळचा सीरियातल्या होम्स शहराचा, सिनेमा शिकला मॉस्कोत. युद्ध सुरू झालं तेव्हा तो दमास्कसमध्ये राखीव सार्जंट म्हणून सैन्याच्या एका चित्रपटगृहात ड्यूटीला होता आणि उरलेल्या वेळात एका सिनेमाच्या सेटवर सहायक. २०१३ मध्ये तो सैन्यातून पळून बैरुतला आला, पुढे बर्लिनला गेला. त्यामुळे असेल, पण त्याच्या चित्रपटात रणगाड्याची नळी आणि क्रेनचा दांडा एकाच चालीने फिरतात. रात्री तळघरात मजूर मोबाइलवर आपल्या पडलेल्या गावांचे व्हिडिओ बघतात आणि छायालेखक तलाल खुरीचा कॅमेरा इतका जवळ जातो की त्या इमारती त्यांच्या बुबुळांत कोसळताना दिसतात. काही समीक्षकांना ही मांडणी जास्तच देखणी वाटली. मला ती शंका टॉवरवरच्या दृश्यांबाबत आली, बुबुळांबाबत नाही.

२०१९ च्या शेवटी लेबनॉनची अर्थव्यवस्था ढासळली. ८ डिसेंबर २०२४ ला सीरियातली असद राजवट संपली आणि त्यानंतर लाखो सीरियन परत गेले. पण हा चित्रपट आठवला की माझं मन २०१९ च्या उन्हाळ्यातल्या अरसालला जातं. सीरियाच्या सीमेजवळच्या या लेबनीज डोंगरी गावात बर्फ पडतो, म्हणून निर्वासितांनी तंबूंच्या जागी ब्लॉकच्या भिंती बांधल्या होत्या. सरकारचा हुकूम आला: एक मीटरपेक्षा उंच भिंत ठेवायची नाही, ताडपत्री आणि लाकूड चालेल, सिमेंट नाही. १ जुलैपर्यंत मुदत. सैन्याने पाडायच्या आत बऱ्याच जणांनी स्वतःच हातोडे घेतले आणि वरचे ब्लॉक उतरवले. खाली पाच थर ठेवले.