लान्चौ न्यूरौम्येन

चीनच्या वायव्येकडील गान्सू प्रांताची राजधानी लान्चौ येथील, गोमांसाच्या नितळ रश्शात वाढला जाणारा हाताने ओढलेल्या नूडलचा पदार्थ. न्यूरौ म्हणजे गोमांस, म्येन म्हणजे नूडल. चीन फिरून आलेले लोक त्याची आठवण ‘लान्चौ लाम्येन’ या नावाने सांगतात, कारण बाकीच्या शहरांत दुकानांच्या पाट्यांवर तेच लिहिलेले असते. खुद्द लान्चौत मात्र त्याला ‘न्यूरौम्येन’च म्हणतात. ‘लाम्येन’ म्हणजे ओढलेले नूडल. ते कृतीचे नाव आहे, आणि त्या कृतीने होणारे पदार्थ अनेक आहेत. त्यामुळे नुसत्या नावावरून शोध घेणारा हमखास भरकटतो. आठवायचा असतो तो वाडगा.

वाडग्याची खूण लान्चौकर आकडे मोजत सांगतात : एक नितळ, दोन पांढरा, तीन लाल, चार हिरवा, पाच पिवळा. नितळ तो रस्सा, पांढऱ्या त्या शिजवलेल्या मुळ्याच्या पातळ चकत्या, लाल ते मिरचीचे तेल, हिरवी ती कोथिंबीर आणि लसणाची पात, आणि पिवळे ते नूडल. मांस थोडेच असते, बारीक तुकड्यांत किंवा पातळ कापांत. वाडग्याचा खरा कस रश्शात लागतो. हाडे आणि मांस मंद आचेवर तासन्तास उकळून, वर येणारा फेस काढत तो नितळ ठेवतात. मसाल्यात आले, दालचिनीच्या जातीची साल, मसाला वेलचीचे भावंड शोभेल अशी मोठी चिनी वेलची आणि सिच्वान मिरी असते. ही मिरी आपल्या कोकण-गोव्यातल्या तिरफळाच्याच प्रजातीतली. बांगड्याच्या आमटीतल्या तिरफळाची जिभेवरची झिणझिण ज्याला ठाऊक आहे, त्याला ही चव लगेच ओळखू येईल.

पिवळेपणाचे कारण अंडे नाही. कणीक मळताना तिच्यात ‘फंगह्वी’ नावाची राख घालत. वायव्य चीनच्या कोरड्या, खारट जमिनीवर उगवणारे एक झुडूप जाळून ती करत. क्षारामुळे गव्हातले ग्लुटेन हे चिवट प्रथिन घट्ट होते, कणीक न तुटता लांबते आणि पिठातल्या रंगद्रव्यांना पिवळी छटा येते. पापडखार घालून पीठ कुटणाऱ्या घरांना हे वेगळे सांगायला नको. आपल्याकडचा सज्जीखारही पूर्वी खाऱ्या जमिनीवरची झुडपेच जाळून काढत. आता राखेऐवजी बहुतेक ठिकाणी तयार भुकटी वापरतात.

ओढण्याचे गणित दुपटीचे आहे. कणकेची वळी दोन्ही हातांनी ताणायची, मधोमध दुमडायची, पुन्हा ताणायची. प्रत्येक दुमडीला धागे दुप्पट होतात, सातव्या दुमडीला 128, आठव्याला 256. गिऱ्हाईक जाडी आधी सांगते आणि कारागीर तेवढ्यावर थांबतो. ‘माओशी’ केसासारखे बारीक, ‘अरशी’ त्याहून बरेच जाड, ‘ज्यूये’ पातीसारखे चपटे, ‘दाक्वान’ तर पट्ट्याएवढे रुंद. ‘च्याओमायलंग’ या प्रकाराचा छेद त्रिकोणी असतो. जाडी विचारली गेल्याची आठवण असेल, तर ओळख अर्ध्याहून अधिक पटली असे समजावे.

हा पदार्थ हुई या चिनी बोलणाऱ्या मुस्लिम समाजाने घडवला आणि तो हलाल असतो. परंपरेने त्याचे श्रेय मा बाओझी यांना आणि 1915 च्या सुमारास त्यांनी खांद्यावर कावड घेऊन केलेल्या विक्रीला देतात. मुळे त्याहून जुनी असल्याचे सांगणाऱ्या कथाही आहेत. छिंगहाय प्रांतातील लाज्या येथे सुमारे 4000 वर्षांपूर्वीच्या उपड्या वाडग्यात नूडल सापडल्याचे 2005 मध्ये प्रसिद्ध झाले आणि अनेकांनी त्याचा धागा थेट लान्चौशी जोडला. ते पटण्यासारखे नाही. ते नूडल राळ्यासारख्या भरडधान्यांचे असल्याचे संशोधकांनी म्हटले होते, आणि ग्लुटेन नसलेले पीठ असे ओढता येत नाही.

लान्चौत हे सकाळचे खाणे आहे. बरीच जुनी दुकाने दुपारनंतर बंद होतात. काउंटरवर पैसे भरून चिठ्ठी घ्यायची, ती नूडलच्या खिडकीत द्यायची, मग वाडगा घेऊन जागा शोधायची. शहराचा या पदार्थात किती जीव आहे, हे 2007 साली दिसले. भाव वाढू लागताच प्रशासनाने साध्या दुकानांतल्या मोठ्या वाडग्याला अडीच युआनची कमाल मर्यादा घातली, आणि सरकारने नूडलचा भाव ठरवावा का, यावर देशभर वाद झाला. 2021 मध्ये ही कृती चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत आली.

गोंधळ होतो तो शेजारच्या पदार्थांशी. वाडग्यात रस्सा नसून वर टोमॅटो, ढोबळी मिरची आणि मटण परतून घातले असेल, तर ते शिंच्यांगमधील उइगुरांचे लाघमान. पट्ट्यासारखे रुंद नूडल आणि त्यावर टाकलेल्या तिखटावर कढत तेल ओतताना फोडणीसारखा चर्र आवाज झाला असेल, तर शाआन्शीतले बियांगबियांग. कणकेचा गोळा धरून सुरीने सपासप पाती उडवत उकळत्या पाण्यात टाकताना पाहिले असेल, तर शान्शी प्रांतातले दाओश्याओम्येन. शाआन्शी आणि शान्शी ही शेजारशेजारच्या दोन वेगळ्या प्रांतांची नावे आहेत, एकाच नावाची दोन रूपे नव्हेत. रस्सा तपकिरी, सोयाचा आणि मांसाचे मोठे चौकोनी तुकडे असतील, तर आठवण तैवानची असावी. जपानी ‘रामेन’ हा शब्द लाम्येनवरून आल्याचे बहुतेक मानतात, पण रामेन ओढत नाहीत, लाटून कापतात.

शांघाय, ग्वांगचौ अशा शहरांतली ‘लान्चौ लाम्येन’ दुकाने पुष्कळदा छिंगहायच्या ह्वालूंग तालुक्यातून आलेले लोक चालवतात. तिथे परतलेले नूडल आणि भातही मिळतो. पूर्वी पाटीवर अरबी लिपीत ‘हलाल’ असे, अलीकडच्या वर्षांत बीजिंगसह काही शहरांत प्रशासनाने ती अक्षरे काढायला लावली. जुन्या फोटोत तशी पाटी दिसली, तर मागचे शहर आणि पाटीवरचे बाकीचे पदार्थही नीट पाहावेत. भाताचे प्रकार असतील, तर खाल्लेले नूडल बहुधा ह्वालूंगकरांच्या हातचे.